खेकड्याचे बेणे : खाडीचे आणि आपल्या नाल्याचे



बेणे खराब निघाले की पुढचे खत-पाणी वाया जाते, हे ऊसवाल्याला सांगावयास नको. शेततळ्यात खेकडे पाळावेत असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनीही आधी बेण्याचाच विचार करावा.

मोठा भाव मिळतो तो खाडीच्या खेकड्याला. त्याची मादी पोटाखाली लाखोंनी अंडी धरते. अंडी आधी केशरी असतात, उबायला आली की काळपट होतात. दहा-बारा दिवसांनी त्यातून निघते ती पाण्यात तरंगणारी बारीक अळी. ती खेकड्यासारखी दिसतच नाही. या अळीच्या पाच अवस्था, मग नांग्या फुटलेली सहावी, आणि त्यानंतर पहिला चिमुकला खेकडा. याला साधारण चार आठवडे लागतात. तोवर पाणी समुद्राइतके खारे, म्हणजे लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास मिठाचे लागते. खाणे सूक्ष्म आणि जिवंत लागते. त्यातच पिल्ले एकमेकांना खातात. शेकडा थोडीच हाती लागतात.

हे काम तामिळनाडूत सिरकाळी येथे राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने साधले. सिंधुदुर्गातील कांदळवनात खेकडे पाळणाऱ्या गटांनाही तेथूनच पिल्ले आणावी लागली. खाडीकाठच्यांची ही गत, मग तापीकाठच्या गोड्या पाण्यात ती अळी कशी जगावी? आणि पाण्यात मीठ घालावे म्हटले, तर ते झिरपून उसाची जमीन क्षारपड व्हायची.

आपल्या नाल्यातल्या काळ्या खेकड्याची तऱ्हा निराळी. त्याची अंडी थोडी, पण मोठी. अळीपण अंड्यातच सरते. बाहेर येतो तो तयार खेकडा, आणि आई त्याला काही दिवस पोटाशी घेऊन फिरते. त्याला मीठ नको की हौद नको. पण पिल्ले मोजकी, म्हणून त्यावर मोठा धंदा उभा राहणे कठीण. शिवाय तो बिळे करून पाटाचे बांध पोखरतो, ते वेगळेच. तरी खाण्यापुरते धरताना पोटाशी पिल्ले असलेली मादी सोडून द्यावी, म्हणजे नाल्यातले बेणे टिकेल.

कोणी शेततळ्यासाठी खेकड्याची पिल्ले विकावयास आला, तर इसार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: जात कोणती, पिल्ले कोठली, आणि ती वाढून विकल्याचे गोड्या पाण्यातले तळे कोठे पाहावयास मिळेल? उत्तर गोलमाल आले तर पैसे खिशातच ठेवावेत. गोड्या तळ्याला रोहू, कटला, मृगळ हे मासे आहेतच. त्यासाठी नंदुरबारच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.