लवकरचे भोजन, लांबलेली संध्याकाळ

कार्तिकी पौर्णिमा होऊन साधू-साध्वींचा विहार सुरू झाला, की मावळात हिवाळा आला असे समजावे. येथे हिम पडत नाही, पाणवठे गोठत नाहीत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात जेथे भिंतींनाही ओल सुटते, तेथेच पौषात पहाटे दरीतून धुके वर येते आणि दुपारच्या उन्हात स्वेटर नकोसा होतो. ही सौम्य थंडी भटकंतीसाठी आहे, असे पर्यटक मानतात. आपल्या परंपरेने मात्र ती घरासाठी राखून ठेवली आहे.

त्याची पहिली खूण स्वयंपाकघरात दिसते. श्वेतांबर परंपरेत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत वर्ज्य असलेल्या पालेभाज्या, तीळ आणि खजूर आता ताटात परततात. मिठाईची काळमर्यादा पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस. म्हणून डिंकाचे व मेथीचे लाडू डबाभर करून ठेवण्याचा हाच काळ. ओले आले चालत नाही म्हणून काढ्यात सुंठ, गाजर चालत नाही म्हणून हलवा दुधीचा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात विकसित झालेला इंद्रायणी तांदूळही याच दिवसांत नवा येतो. त्याची मऊ मूगखिचडी आणि वर साजूक तूप, एवढ्यानेच थंडीचे अर्धे काम होते. उरलेले काम गोधडी करते. शेकोटी आपण टाळतो, कारण ज्वाळेकडे झेपावणाऱ्या जीवांची हिंसा घडवून मिळालेली ऊब आपली नव्हे.

ही ऊब केवळ घरच्यांपुरतीही नसते. मुंबई-पुणे मार्गाने पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींना निर्दोष गोचरी आणि उकळलेले पाणी मिळावे, याची काळजी वाटेवरील श्रावकांची घरे घेतात. मावळातील पाले येथील ब्राह्मी शिलालेख अरिहंतांना वंदन करून सुरू होतो आणि लेणे व पाण्याचे टाके खोदविल्याची नोंद करतो. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. निवारा आणि पाणी देण्याची येथील रीत इतकी जुनी आहे.

परंतु व्यापारी कुटुंबाची खरी कसोटी सायंकाळी लागते. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चोविहार पाळायचा तर त्याआधी भोजन उरकले पाहिजे. आणि नेमक्या त्याच वेळी चिक्कीच्या, किराण्याच्या, कापडाच्या दुकानांत गिऱ्हाईक वाढते. मग घरून डबा येतो आणि दुकानाच्या मागच्या खोलीत एकट्याने चार घास खाल्ले जातात. चोविहार पाळला जातो, पण पंगत मोडते. रात्री घरी पोहोचावे तो मुले झोपलेली असतात.

वास्तविक लवकर जेवण्याचा सर्वांत मोठा लाभ हिवाळ्यातच आहे. भोजन उरकले, प्रतिक्रमण झाले, ४८ मिनिटांचे सामायिक झाले, तरी निजेपर्यंत दोन तास हाती उरतात. चूल थंड असते, भांडी आवरलेली असतात, घरातील स्त्रियांनाही बसायला उसंत मिळते. आजीने स्थूलिभद्रांची कथा सांगावी, मुलांनी एका गोधडीत शिरून ऐकावी, वडिलांनी हिशेबाची वही बाजूला ठेवून नातवाचा हात हातात घ्यावा, याला काही खर्च नाही.

शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते. तेव्हा दुकान सोडणे कठीण, हे मान्य. पण आठवड्यातील एका संथ दिवशी पाच वाजता शटर ओढणे अशक्य नाही. मार्गशीर्ष ते माघ या तीन महिन्यांत अशा बारा संध्याकाळी मिळतात. बारा संध्याकाळचे गिऱ्हाईक खर्ची पडेल. जमेच्या बाजूला काय पडेल, ते मुले मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर कळते.