खुंटाची गोष्ट : मातीत लोह, तरी पानं पिवळी

द्राक्षबागेत खरडछाटणीनंतर फुटवे हातभर होतात आणि शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडू लागतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बागायतदार म्हणतो, नत्र कमी पडलं, युरिया सोडा. पण नत्राची कमतरता जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसते आणि अख्खं पान फिकटतं. शेंड्याचं हे पिवळेपण लोहाचं आहे.

मातीत लोहाला तोटा नसतो. पण चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या आसपास गेला, की ते न विरघळणाऱ्या फेरिक रूपात अडकतं. द्राक्षाचं मूळ हायड्रोजन आयन बाहेर सोडून भोवतालची माती आम्लधर्मी करतं, पृष्ठभागावरच्या विकराच्या मदतीने फेरिकचं फेरस करतं आणि मगच लोह आत घेतं. बायकार्बोनेट ही आम्लता जागच्या जागी मारून टाकतं. बाग पाण्याने तुडुंब ठेवली तर मुळांचा कार्बन डायऑक्साइड मातीत कोंडतो आणि बायकार्बोनेट आणखी वाढतं.

इथे खुंटाची जात कळते. मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीमुळे फ्रान्सने अमेरिकन खुंट आणले खरे, पण चुनखडीच्या शारांत प्रांतात तेही पिवळे पडले. म्हणून १८८७ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हियाला अमेरिकेत गेले. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर बर्लांडिएरी ही जंगली द्राक्षजात हिरवीगार उभी होती. तिच्या संकरातला ४१ बी हा खुंट ४० टक्क्यांपर्यंत क्रियाशील चुना सोसतो, तर रिपारिया ग्लुआर ६ टक्क्यांपुढे टिकत नाही. आपल्याकडच्या ११० आरमध्येही बर्लांडिएरीचं रक्त आहे; त्याची मर्यादा १७ टक्के मानतात.

आता नत्राकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गफलत इथे होते. नायट्रेट आत घेताना मूळ हायड्रोजन आयनही आत ओढतं, त्यामुळे मुळाभोवतीचा सामू चढतो. अमोनियम घेताना ते आयन बाहेर टाकतं आणि सामू उतरतो. म्हणजे नत्राचा किलो तोच, पण एक रूप लोहाची वाट अडवतं, दुसरं मोकळी करतं. शिवाय नायट्रेटचं प्रथिनांत रूपांतर करणाऱ्या विकरांना लोहच लागतं. लोह नसेल तर दिलेलं नायट्रेट वेल नीट वापरू शकत नाही.

देठ परीक्षणावरही डोळे झाकून विसंबू नका. पिवळ्या पानात एकूण लोह कधीकधी हिरव्याइतकंच भरतं; ते असतं, पण निष्क्रिय.

अशा बागेत अमोनियम सल्फेट ठिबकमधून थोडं थोडं द्यावं. एकदम ओतू नये, कारण अमोनियम जास्त झालं तर पालाशच्या शोषणाला अडथळा येतो, आणि उबदार मातीत ते काही आठवड्यांत नायट्रेट होतंच. जमिनीतून लोह द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट वापरा. ईडीटीए चुनखडीत टिकत नाही, ते फवारणीला ठेवा. नव्या लागवडीआधी मात्र क्रियाशील चुना तपासून घ्याच. खुंट एकदा लावला की पुढची पंधरा वर्षं तोच सांभाळायचा असतो.