नदीपलीकडची गावे : डिचोली आणि पेडण्याची एक ओळख

आपल्या सभासदांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत युरोपचा प्रवास केला आहे. परत आल्यावर रोम किंवा व्हेनिसपेक्षाही ते अधिक जिव्हाळ्याने बोलतात ते इटलीतील डोंगरमाथ्यावरच्या लहान, जुन्या गावांविषयी. दगडी गल्ल्या, एखादे प्राचीन चर्च, गावचा चौक आणि दारात निवांत बसलेली वृद्ध माणसे यांची छायाचित्रे आपण सर्वांनी कौतुकाने पाहिली आहेत. ते कौतुक रास्तच आहे. अशा गावांच्या जतनासाठी इटलीत २००१ साली एक स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि तिच्या यादीत नाव यावे म्हणून गावे धडपडतात. मात्र म्हापशाहून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशी ऐतिहासिक गावे आपल्याही शेजारी आहेत, आणि त्यांतील बरीचशी आपल्या मुलांनी पाहिलेली नाहीत. त्यांची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

नदी ही सीमा

रुग्णाला तपासण्यापूर्वी आपण पूर्ववृत्त विचारतो. गावाचेही तसेच आहे. म्हापसा ज्या बारदेश तालुक्यात आहे तो तालुका, तसेच तिसवाडी आणि सासष्टी, सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. तेथील देवळे पाडली गेली. १५६० मध्ये धर्मसमीक्षणाचे न्यायालय सुरू झाले. याउलट उत्तरेस कोलवाळची नदी ओलांडली की पेडणे आणि पूर्वेस अस्नोडा सोडला की डिचोली. हे प्रदेश आदिलशाही, मराठे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्या अमलाखाली राहिले. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे आले. तोपर्यंत धर्मांतराचा पहिला आवेश ओसरला होता. या दोनशे-सव्वादोनशे वर्षांच्या अंतरामुळेच नदीपलीकडे देवळे, ग्रामदेवतांचे उत्सव आणि मराठी पोथ्या-कीर्तनांची परंपरा अखंड राहिली. अलीकडचे देव याच नद्या ओलांडून पलीकडे आश्रयास गेले. चोडण बेटावरील देवकीकृष्ण प्रथम मये गावी गेला आणि पुढे माशेलला स्थिरावला.

नार्वे

या स्थलांतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डिचोली तालुक्यातील नार्वे. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर मूळचे दिवाडी बेटावरचे. बहमनी आक्रमणात ते देऊळ उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या काळात माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले. लिंग नदीपलीकडे आणून नार्व्याच्या झाडीत स्थापिले गेले. १६६८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. त्याचा शिलालेख आजही दारावर पाहावयास मिळतो. राज्य शासनाने जतनकाम करून फेब्रुवारी २०२३ मध्ये हे मंदिर पुन्हा लोकांस खुले केले. कौलारू छप्पर, घुमट आणि दीपस्तंभ यांचा हा मेळ गोमंतकीय मंदिरशैलीचे एक जुने रूप दाखवितो. दिवाडीहून फेरीबोटीने नदी पार करून गेल्यास देवाचा मार्ग आपणही चालल्यासारखे वाटते.

हरवळे, कुडणे आणि डिचोली

सांखळीजवळील हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. ती साधारणतः सहाव्या-सातव्या शतकातील मानली जातात. ती मुळात बौद्ध की शैव, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गावकरी मात्र त्यांस पांडवांची लेणी म्हणतात. जवळच रुद्रेश्वराचे देऊळ आणि धबधबा आहे. कुडणे गावी जैन मंदिराचे अवशेष आहेत. कारापूरला वाळवंटीकाठी राणे घराण्याच्या आश्रयाने वाढलेले विठ्ठल मंदिर असून तेथील चैत्रोत्सव प्रसिद्ध आहे. डिचोलीच्या टेकडीवर नमाजगाह आहे. संभाजी महाराजांच्या आश्रयास आलेला औरंगजेबाचा पुत्र अकबर याचा मुक्काम १६८३ च्या सुमारास डिचोलीत होता आणि ही वास्तू त्याने बांधविली, असे मानतात. बौद्ध, जैन, शैव, वैष्णव आणि इस्लामी, अशा सर्व खुणा एका सकाळच्या प्रवासात सामावतात.

पेडणे

पेडण्यात गावोगाव सातेरीचे स्थान आढळते. अनेक ठिकाणी मूर्तीऐवजी वारूळच, म्हणजे 'रोयण', पूजिली जाते. भूमी हीच माता, ही भावना तेथे प्रत्यक्ष दिसते. पेडणे शहरातील भगवतीच्या देवळासमोर दोन भव्य हत्ती उभे आहेत, आणि कोजागरीच्या सुमारास भरणारी 'पेडण्याची पुनाव' पाहण्यास दूरदूरहून लोक येतात. तालुक्यातील काही जुन्या देवळांत कावीकाम शिल्लक आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडीत ही चित्रे काढली जात. एकदा त्यावर ऑइलपेंट चढला की ती कायमची गेली. हळर्णचा किल्ला १७४६ मध्ये जिंकणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला त्याच गावाच्या नावाने 'आलोर्न'चा मार्किस ही पदवी मिळाली. तेरेखोलचा किल्लाही त्याच वर्षी पोर्तुगिजांनी घेतला आणि तेथेच १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला.

जाताना घ्यावयाची काळजी

बालरोगतज्ज्ञ या नात्याने चार सूचना करणे मला आवश्यक वाटते. पावसाळ्यात जांभा दगड शेवाळाने निसरडा होतो. हरवळ्याच्या धबधब्याखाली किंवा देवळाच्या तळीत मुलांना उतरू देऊ नये. फेब्रुवारी ते मे या काळात सकाळी लवकर निघावे, उकळलेले पाणी व जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. रानातून फिरताना अंगभर कपडे घालावेत आणि परतल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड नाही ना हे पाहावे. शेजारच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले होते. अशा सहलीनंतर ताप आल्यास डॉक्टरांना प्रवासाची माहिती अवश्य द्यावी. मोठ्या जत्रेच्या रात्री तान्ह्या व लहान मुलांना गर्दीत नेऊ नये. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराईच्या जत्रेत झालेली चेंगराचेंगरी आपण विसरू शकत नाही. जत्रेनंतरच्या एखाद्या शांत सकाळी तेच गाव मुलांना अधिक चांगले समजते.

देवळात जाताना पोशाखाचे भान ठेवावे, गाभाऱ्यात छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे आणि शक्य तर एखाद्या वृद्ध गावकऱ्याशी दहा मिनिटे बोलावे. मांड कोठे, तळी कोणी खोदली, देव कोठून आला, या प्रश्नांची उत्तरे फलकावर नसतात. माझ्या दवाखान्यात या गावांतून नातवंडांना घेऊन येणाऱ्या आज्यांना ती मुखोद्गत आहेत.

राखावयाचे काय?

इटलीतील चिविता दि बान्योरेज्जो हे गाव या बाबतीत विचार करावयास लावणारे आहे. ठिसूळ टेकडीवरील या प्राचीन गावात आता मोजकीच माणसे कायम राहतात, आणि ते पाहण्यासाठी २०१३ पासून प्रवेशशुल्क द्यावे लागते. तेथे वास्तू राहिल्या, वस्ती गेली. आपल्याकडे वस्ती आहे, उत्सव आहेत, पूजा अखंड चालू आहे; परंतु भोवतालची भूमी बदलत आहे. २०१८ मध्ये थांबलेला खनिज उद्योग लिलावानंतर २०२४ मध्ये प्रथम डिचोलीतच पुन्हा सुरू झाला. आपली देवळे, घरे आणि शेते खाणपट्ट्यातून वगळावीत अशी मागणी मुळगावच्या ग्रामस्थांना करावी लागली. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाल्यावर पेडण्याच्या जमिनीवर मागणीचा ताण वाढला आहे. रोजगार हवा, रस्ते हवेत, याविषयी दुमत नाही. परंतु सातेरीची रोयण, तळी आणि देवराई यांचे मोल जमिनीच्या दरात मोजता येत नाही, हे ओळखणारी माणसे असतील तरच त्यांचा विचार होईल.

ज्याने गाव पाहिलेच नाही, त्याला ते गेल्याचे दुःखही होत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतला एक रविवार मुलांना घेऊन नदीपलीकडे जावे. सोबत आजी-आजोबा असावेत. इटलीला जरूर जावे. पण आपल्या मुलांना हरवळे आणि नार्वे आधी ठाऊक असावे, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे.