ग्रीसविना घट्ट जोड

लोखंडी नळाला जोड देताना प्लंबर आट्यांवर ताग गुंडाळतो आणि सफेदा फासतो, हे आपण पाहिलेले असते. आटे कितीही नीट कापले तरी त्यांच्यात बारीक फट राहतेच. तेलविहिरीतील पोलादी नळ्यांच्या आट्यांनाही असाच लेप लावण्याची रीत आहे. त्यात ग्रीसमध्ये शिसे, जस्त, तांबे व ग्राफाइट यांची पूड असते. हा लेप फट बुजवतो आणि जोड आवळताना आटे एकमेकांना चिकटून खरवडू देत नाही.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात मात्र जमिनीतील डांबरासारखे घट्ट तेल पातळ करण्यासाठी विहिरीत वाफ सोडतात. तेथे तापमान 200 अंश सेल्सिअसच्या पुढे, काही विहिरींत 300 च्याही वर जाते. एवढ्या उष्णतेत ग्रीस टिकत नाही आणि फट उघडी पडते. शिवाय लेपातील शिसे विषारी. म्हणून ग्रीसविना जोड पुढे आले. त्यांच्या आट्यांवर कारखान्यातच कोरड्या वंगणाचा पातळ थर देतात. गळती रोखण्याचे काम एकमेकींवर दाबून बसणाऱ्या, धातूच्या दोन गुळगुळीत कडांकडे असते.

हा दाब टिकेल का? थोडे गणित करू. तापमान एका अंशाने वाढले की पोलादाची लांबी दशलक्षात 12 भागांनी वाढते. पण विहिरीची नळी सिमेंटमध्ये पक्की बसलेली असल्याने तिला वाढता येत नाही. पोलादाचा यंग गुणांक 2 लाख मेगापास्कल धरला, तर दर अंशामागे 2.4 मेगापास्कल प्रतिबल निर्माण होते. 250 अंशांना ते 600 होईल! अशा विहिरींत वापरले जाणारे एल-80 पोलाद सुमारे 550 नंतर मूळ आकारात परत येत नाही. म्हणजे तापताना नळी कायमची दबते आणि वाफ थांबून थंड होताना जोरात ताणली जाते. या ताणाने जोडाच्या कडा सैल होऊ शकतात.

म्हणून चाचणीत जोड आधी अनेकदा आवळून-सोडून आटे खरवडले का ते पाहतात. मग नळीची दोन्ही टोके जखडून, आत दाबाखाली वायू भरून तिला पुन्हापुन्हा तापवतात व थंड करतात. जोडातून निसटणारा वायू पाण्यावर उपड्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करतात. शाळेत ऑक्सिजन गोळा करतो, तशीच ही रचना!

ही चाचणी वर्गात सांगताना विद्यार्थ्यांना आधी विचारावे: बुडबुड्यांवर अधिक लक्ष केव्हा ठेवायचे, तापताना की थंड होताना?