घरच्या पियानोचें स्वच्छ ध्वनिमुद्रण

छायाचित्र काढतांना प्रकाश कोणत्या बाजूनें येतो हें आपण सर्वजण आधीं पाहतों; ध्वनीचें मुद्रण करतांना मात्र ध्वनि कोठून येतो व वाटेंत त्याचें काय होतें, याचा विचार फार थोडे लोक करतात. ही उणीव आतां विद्यार्थ्यांस बाधूं लागली आहे. लंडनच्या एबीआरएसएम व ट्रिनिटी कॉलेज या दोन्ही संस्थांनीं २०२० सालीं घरीं केलेलें मुद्रण पाठवून पियानोची परीक्षा देण्याची सोय केली. अशा परीक्षेंत परीक्षक समोर बसलेला नसतो. जें मुद्रणांत उतरलें असेल तेवढेंच त्याच्या कानीं पडतें.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरीं तिच्या आजोबांच्या वेळचा ग्रँड पियानो आहे. वर्षभर मेहनत करून बसविलेल्या रचना तिनें मोबाईलवर मुद्रित केल्या व ऐकून पाहिल्या, तों खालचे स्वर एकमेकांत मिसळून नुसतें घों घों ऐकूं येई, आणि हळू वाजविलेला भाग व जोरानें वाजविलेला भाग यांत कांहीं भेदच उरला नव्हता. "हें माझें वाजविणें नव्हे," असें म्हणून ती रडकुंडीस आली. तिचे वडील महागडा मायक्रोफोन आणावयास निघाले होते. आम्हीं त्यांस आठ दिवस थांबावयास सांगितलें. त्या आठ दिवसांत आम्हांस जें आढळलें तें येथें क्रमानें सांगतों.

प्रथम पियानोचा ध्वनि कोठून निघतो तें पाहूं. पियानोला ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली म्हणजे नमद्यानें मढविलेली हातोडी तारेवर आदळते. परंतु तार बारीक असल्यामुळें ती एकटी फारशी हवा हालवूं शकत नाहीं. तिचें कंपन खालच्या साउंडबोर्ड नांवाच्या रुंद लांकडी फळीस पोंचतें, व ती फळी सर्व हवा हालविते. म्हणजे सतारीच्या भोपळ्याचें जें काम तेंच या फळीचें. वरचें झांकण काठीवर उभें केलें म्हणजे तें तिरप्या आरशाप्रमाणें ध्वनीस वादकाच्या उजव्या बाजूकडे वळवितें. यास्तव झांकण उघडें ठेवून त्याच बाजूस मायक्रोफोन ठेवणें इष्ट होय.

आतां खोलीकडे वळूं. कारण आमच्या अनुभवाप्रमाणें निम्मा दोष तिचाच असतो. पियानोचा ध्वनि मायक्रोफोनपर्यंत दोन वाटांनीं येतो. एक सरळ, दुसरा भिंती, फरशी व छत यांवर आपटून. दुसरा थोडा मागाहून येतो व पहिल्यास गढूळ करतो. हा घुमारा किती टिकतो याचें पहिलें शास्त्रशुद्ध मापन अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकानें १८९५ सालीं आरंभिलें. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्द कळत नसत. एकदां उमटलेला स्वर सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. सॅबाइन रात्रीच्या शांततेंत शेजारच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या आणून तेथें मांडी, ऑर्गनची नळी वाजवी व घुमारा विरेपर्यंतचा वेळ मोजी. जसजशा गाद्या वाढत गेल्या तसतसा घुमारा कमी होत गेला. मऊ व जाड वस्तु ध्वनि शोषून घेतात, हें आपणांस वाटतें. किती शोषतात, हें त्यानें आंकड्यांनीं दाखविलें. पुढें १९०० सालीं उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची रचना त्याच्याच सल्ल्यानें झाली.

आम्हींहि त्याच मार्गानें गेलों. खोलींत मधोमध उभे राहून एक टाळी वाजविली. टाळीमागून एक धातूसारखी झणझण ऐकूं आली. फरशीवर सतरंजी अंथरली, समोरच्या उघड्या भिंतीशीं दोरीवर जाड गोधड्या टांगल्या, खिडकीचे पडदे ओढले. झणझण पुष्कळच निमाली. मात्र खोली गाद्यांनीं सर्वस्वीं भरूं नये. त्यानें वरचे स्वर शोषले जाऊन ध्वनि कोंदट होतो, आणि खालच्या स्वरांस गोधडी फारशी अडवीत नाहीं.

खालच्या स्वरांची गोष्ट वेगळी आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, व पियानोच्या सर्वांत खालच्या स्वराचीं आवर्तनें सेकंदास साडेसत्तावीस असतात. तेव्हां त्याची एकेक लहर सुमारें साडेबारा मीटर लांब होते! एवढी लहर घरच्या खोलींत मावत नाहीं. जरा वरच्या स्वरांचें नवल आणखी निराळें. समोरासमोरच्या भिंतींत साडेतीन मीटर अंतर असेल, तर ४९ आवर्तनांचा स्वर भिंतींजवळ फुगून ऐकूं येतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. पियानोवर या आवर्तनांचा एक स्वर आहेच. म्हणून मायक्रोफोन कोपऱ्यांत ठेवूं नये व खोलीच्या अगदीं मध्यावरहि ठेवूं नये. आमच्या विद्यार्थिनीचा मोबाईल कोपऱ्यांतील कपाटावर होता; घों घों होण्याचें मुख्य कारण हेंच ठरलें.

मग जागा निवडावी कशी? एकानें वाजवावें, दुसऱ्यानें एक कान बोटानें घट्ट बंद करून पियानोभोंवतीं हळूहळू फिरावें. दोन कान व मेंदु मिळून घुमारा बाजूस सारतात. मायक्रोफोनपाशीं तें चातुर्य नसतें. एका कानानें जेथें स्वर स्पष्ट ऐकूं येतील तेथेंच मायक्रोफोन ठेवावा. अंतर दुप्पट केलें कीं सरळ येणारा ध्वनि सहा डेसिबलनें उतरतो, परंतु खोलींतील घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून लहान खोलींत फार दूर जाऊं नये. उलट फार जवळ गेल्यास हातोड्यांची खटखट ऐकूं येते. आम्हांस झांकणाच्या उघड्या बाजूस सुमारें सव्वा मीटरवर, उभ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, तारांकडे तोंड केलेली जागा मानवली.

दोन मायक्रोफोन असल्यास ते कसेहि ठेवूं नयेत. एकच स्वर दोहोंपाशीं वेगवेगळ्या वेळीं पोंचतो. अंतरांतील फरक ३४ सेंटिमीटर असला, तर दोन्ही मुद्रणें एकत्र करतांना ५०० आवर्तनांच्या आसपासचा ध्वनि एकमेकांस खोडतो व पियानो पोकळ वाटतो. फ्रान्सच्या नभोवाणींत रूढ झालेली सोपी रीत अशी कीं, एकाच दिशेचा ध्वनि अधिक घेणारे दोन मायक्रोफोन एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, ११० अंशांच्या कोनांत बाहेर तोंड करून बसवावे. एकच असेल तर एकावरच संतोष मानावा.

राहिला हळू व जोराचा भेद. बहुतेक मोबाईल, बोलणें नीट ऐकूं यावें म्हणून, हळू ध्वनि आपोआप चढवितात व मोठा उतरवितात. संभाषणास हें उपकारक, संगीतास घातक. ही सोय बंद करतां येईल असें ॲप वापरावें. नंतर रचनेंतील सर्वांत जोराचा भाग वाजवून मोजपट्टी कमाल मर्यादेच्या सुमारें दहा डेसिबल खालीं राहील अशी योजना करावी, व पुढें तिला हात लावूं नये. मर्यादा ओलांडलेला स्वर फाटतो, आणि फाटलेला स्वर मागाहून पूर्ववत् होत नाहीं.

मुद्रणापूर्वीं पंखा बंद करावा, कपाटांतील कांचेचीं भांडीं बाहेर काढावीं, कारण तीं पियानोबरोबर किणकिणतात. बैठकीची व पेडलची करकर थांबवावी. पावसाळ्यांत मुंबई-गोव्याच्या दमट हवेनें लांकूड फुगून सूर चढतो, म्हणून सूर लावून घेतल्यावर फार दिवस जाऊं देऊं नयेत.

आठव्या दिवशीं, पहांटे, त्याच मोबाईलवर पुन्हां मुद्रण केलें. स्वर मोकळे ऐकूं आले. पण त्यांजबरोबर आणखी एक गोष्ट ऐकूं आली. तिचा डावा हात उजव्यापेक्षां भारी पडत होता. पहिल्या मुद्रणांत तो दोष घुमाऱ्याखालीं झांकला गेला होता. मुलगी क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "हें मात्र माझेंच आहे." तिनें आणखी पंधरा दिवस अभ्यास केला, व नंतरच मुद्रण पाठविलें. मायक्रोफोन अद्याप विकत घेतलेला नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पैसा खर्च करण्यापूर्वीं एक सकाळ, एक कान बंद करून, आपल्या मुलाचें वाजविणें ऐकावें. मुद्रण सुधारेल, आणि मुलासहि कळेल कीं आपलें कोणी लक्ष देऊन ऐकत आहे.