घराभोवती जिवंत कुंपण



इथे तळमजल्याच्या घराला चार पावलांची का होईना बाग मिळाली, की आपण सर्वांत आधी काय करतो? कुंपण घालतो. कोणी हिरवे प्लास्टिकचे कापड ताणतो, कोणी काड्यांची चटई बांधतो, कोणी सरळ पत्रे ठोकतो. दोन-तीन उन्हाळ्यांत कापड फाटते, काड्या पिचतात आणि पुन्हा शेकेल मोजावे लागतात. आमचे म्हणणे असे की त्याच जागी झाडांचे कुंपण लावावे, आणि तेही एका जातीचे नव्हे, पाच-सहा जाती मिसळून.

ही काही नवी गोष्ट नाही. ज्यांचे बालपण अलिबाग, रेवदंडा, पेण, रोह्याकडे गेले त्यांना वाडीभोवतीची वई आठवत असेल. निर्गुडी, अडुळसा, मोगली एरंड, शेर, मध्येच करवंदाची जाळी. दरवर्षी पडलेल्या भगदाडात काहीतरी खोचता खोचता ती आपोआप मिश्र होई. गुरे बाहेर राहत आणि पाखरांना आसरा मिळे. हिब्रूत अशा कुंपणाला गादेर खाया म्हणतात, म्हणजे जिवंत कुंपण. (मुलांनो, हिंदीत ‘खाया’ म्हणजे ‘खाल्ले’. पाखरांच्या दृष्टीने तोही अर्थ बरोबरच आहे!)

एकच जात का नको, याचे उत्तर या देशाने डोळ्यांनी पाहिले आहे. इथे जन्मलेल्यांना आपण ज्यावरून ‘साब्रा’ म्हणतो, ते त्साबार म्हणजे आपले फड्या निवडुंग. गॅलिलीत खेड्यांच्या आणि मळ्यांच्या कडेने त्याच्या रांगाच्या रांगा होत्या. २०१३ च्या सुमारास उत्तरेत त्यावर कोचिनीलचा किडा दिसू लागला. फडांवर कापूस चिकटल्यासारखा दिसतो, आणि चिरडला की लालभडक रंग निघतो. पुढच्या काही वर्षांत तो दक्षिणेकडे सरकत गेला आणि जुन्या रांगा सांगाड्यासारख्या वाळल्या. गंमत अशी की हाच किडा १९२० च्या दशकात हिंदुस्थानात मुद्दाम आणून सोडला होता, कारण तिथे हे निवडुंग माजले होते. तेव्हा कुंपणात सहा जाती असल्या तर एखादी रोगाने जाईल, पण बाकीच्या पाच उभ्या राहतील.

आता लावायचे काय? किनारपट्टीच्या भागासाठी, म्हणजे लोद, रामला, अश्दोद वगैरे ठिकाणी, आमची पहिली पसंती एलत हामस्टिकला. आपल्याकडे वैदूंच्या आणि काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी नावाचा डिंक मिळे, तो याच जातीच्या झाडाचा. बारमाही हिरवे, कात्री सोसणारे आणि उन्हाला न घाबरणारे. फक्त यात नर-मादी झाडे वेगळी असतात आणि फळे मादीलाच लागतात. म्हणून शरद ऋतूत, झाडावर लाल-काळे दाणे दिसत असताना विकत घ्यावे, म्हणजे फसगत नाही. दुसरे एशखार, त्याचीही नर-मादी झाडे वेगळी. तिसरे मोरान. थंडीत जेव्हा बागेत काहीच नसते तेव्हा याला पांढरे-गुलाबी तुरे येतात आणि मग निळसर चमकदार फळे धरतात. त्याला दुपारची थोडी सावली मानवते.

चौथा हदास. पांढरी फुले, काळपट निळी फळे, आणि पान चुरडले की येणारा वास. मात्र सुक्कोतला उपयोगी पडेल या आशेने लावू नये. लुलावबरोबर एका पेऱ्याला तीन-तीन पाने असलेला हदास लागतो, आणि मश्तेल्यात मिळणाऱ्या साध्या झाडाला बहुधा दोन-दोनच पाने येतात. पुढच्या बाजूला, कमी उंचीसाठी, रोझमरीन आणि मारवा. नावाने फसू नका हं. आपला गजऱ्यातला मरवा वेगळा आणि हिब्रूतला मारवा वेगळा, जरी दोन्ही तुळशीच्याच कुळातले. मधमाश्यांना दोन्ही सारखेच प्रिय.

कोपऱ्यात एक डाळिंब असावे. त्याच्या लाल फुलांवर त्सुफित येते, म्हणजे आपल्या शिंजीराची बहीण. नर उन्हात निळा-हिरवा चमकतो. डाळिंबाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ कुंपण म्हणून लावलेल्या झाडाला मिश्नेने ओर्लातून सूट दिली आहे, पण आपल्याला फळ खायचे असते, तेव्हा ती सूट धरून चालू नये. पहिली तीन वर्षे फळ खाऊ नये आणि पुढचे रब्बींना विचारावे.

काय लावू नये तेही सांगतो. लंताना इथे हौसेने लावतात, पण ती आपली घाणेरीच. तिने सह्याद्रीचे डोंगर कसे व्यापले ते आपल्याला ठाऊक आहे. हर्दुफ म्हणजे कण्हेर. तिची पाने-फुले विषारी, म्हणून जिथे नातवंडे खेळतात तिथे नको. मुलांनो, या कुंपणातले डाळिंब सोडले तर दुसरे कुठलेही फळ तोंडात घालायचे नाही. ती पाखरांची न्याहारी आहे.

आणि पाखरे येतात! बुलबुल पहिला. त्याला हिब्रूतही बुलबुलच म्हणतात. फरक एवढाच की तिकडचा लालबुड्या, इकडचा पिवळबुड्या. हे सांगितल्यावर आमची नातवंडे अर्धा तास हसत होती. पशोश नावाचा चिमुकला, शेपटी उंच धरणारा पक्षी खालच्या फांद्यांत घरटे करतो. तो आपल्या वटवट्याचा भाऊबंद. थंडीत युरोपातून सिब्खी शखोर-किपा येतो. नरच्या डोक्यावर खरोखर काळी किपा घातल्यासारखी टोपी असते, मादीची टोपी तपकिरी. या देशावरून वर्षातून दोनदा सुमारे ५० कोटी पक्षी ये-जा करतात, आणि शरद ऋतूत पिकणारी ही फळे त्यांतल्या कित्येकांच्या वाटखर्चाला लागतात.

आपली साळुंकीही इथे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती तेल अवीवकडे दिसू लागली आणि आता सगळीकडे पसरली. गाववाली म्हणून तिचे कौतुक वाटते खरे, पण ती भोकांत घरटी करते आणि दुखिफतसारख्यांच्या ढोलीवर हक्क सांगते. फांद्यांत घरटी करणाऱ्यांना मात्र दाट कुंपणात तिचा त्रास कमी, हेही आमच्या मते अशा कुंपणाच्या बाजूने जमेस धरावे.

लावणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत. तू बिश्वातला मुलांच्या हातून दोन रोपे लावावीत, पण त्याहून उशीर नको. मुळे धरण्याआधी उन्हाळा येतो. सहा मीटर लांबीला आठ रोपे पुरतात. मोठी कुंडीतली महाग झाडे घेऊ नका, लहान रोप लवकर रुजते. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण कुंडीइतकाच खोल. भोवती आळे, वर सुक्या पानांचा थर. पहिले दोन उन्हाळे ठिबकने पाणी, आठवड्यातून एकदा-दोनदा पण भरपूर. नंतर फार कमी लागते. दिमोना, बेरशेबाकडे पाऊस फारच थोडा. तिथल्यांनी मलुआख आणि रोझमरीनवर भर द्यावा आणि ठिबक काढू नये. इमारतीची सामाईक जागा असेल तर आधी वाद बायितला विचारावे, नाहीतर झाडांपेक्षा भांडणेच वाढतात.

छाटणी फेब्रुवारी ते जुलै मुळीच नाही, कारण आत पिल्ले असतात. सप्टेंबरमध्ये एक बाजू, दुसरी बाजू पुढच्या वर्षी. म्हणजे फळेही सगळी एकदम जात नाहीत.

साप येतील का, असे आमच्या वयाचा प्रत्येकजण विचारतो. भीती खोटी नाही. त्सेफा विषारी असतो आणि तो उंदरांच्या मागे येतो. म्हणून कुंपणाखाली खरकटे, फळ्या, दगडांचे ढीग ठेवू नयेत, खालच्या वीतभर फांद्या काढाव्यात म्हणजे जमीन दिसते, आणि चेंडू आत गेला तर मुलांनी हात न घालता काठीने काढावा. उंदरांसाठी विष टाकू नका, ते खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो.

आणखी एक. पुढचे श्मिता वर्ष ५७८९, म्हणजे सप्टेंबर २०२८ पासून. त्या वर्षी नवी झाडे लावता येत नाहीत, आणि लगेच आधीच्या उन्हाळ्याच्या अखेरीची लावणीही चालत नाही. तेव्हा ज्यांना मनात आहे त्यांनी हाताशी असलेला हिवाळा दवडू नये. रोपे चार घरांनी मिळून घेतली तर मश्तेलावाला भावही उतरवतो.