डासांमधील जिवाणू आणि विषाणूंचा प्रसार : एक विवेचन

बीजसंज्ञा : एडिस इजिप्ती, मध्यांत्र, सहजीवी जिवाणू, वाहकक्षमता, वोल्बाकिया

प्रस्तावना

डासांमुळे पसरणारे विषाणुजन्य आजार महाराष्ट्राला नवे नाहीत. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ नोंदविली गेली. २००६ मध्ये हा आजार राज्यात पुन्हा मोठ्या प्रमाणावर उद्भवला. २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका या तिन्हींचा प्रमुख वाहक एडिस इजिप्ती हा डास होय. तथापि, विषाणुयुक्त रक्त शोषणारा प्रत्येक डास रोगप्रसारक ठरतोच असे नाही. एकाच जातीच्या दोन डासांत असा फरक पडण्याचे एक महत्त्वाचे कारण त्यांच्या शरीरातील जिवाणूंमध्ये दडलेले आहे.

मध्यांत्र : पहिला अडथळा

मादी डासाने शोषलेले रक्त प्रथम मध्यांत्रात येते. तेथील पेशींमध्ये शिरकाव करून विषाणू वाढतो, पुढे देहपोकळीत उतरतो आणि अखेरीस लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो. डेंग्यूच्या बाबतीत या प्रवासास साधारणतः ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतरच डासाचा दंश संसर्गकारक होतो. मध्यांत्रातच विषाणू अडविला गेला, तर रोगप्रसाराची साखळी तेथेच तुटते. याच मध्यांत्रात अनेक प्रकारच्या जिवाणूंचा वास असतो. अळी ज्या पाण्यात वाढते ते पाणी, तसेच प्रौढ डास शोषतो तो वनस्पतींचा गोड रस, यांतून हे जिवाणू शरीरात येतात. त्यामुळे प्रदेशानुसार व पाण्यानुसार त्यांची जडणघडण बदलते.

प्रतिबंधक जिवाणू

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रतिजैविके देऊन डासांचे मध्यांत्र जिवाणुरहित करण्यात आले, तेव्हा त्यांच्यात डेंग्यू विषाणूचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. जिवाणूंच्या नित्य उपस्थितीमुळे डासाची प्रतिकारयंत्रणा सजग राहते व तिचा लाभ विषाणूविरुद्धही होतो, असा याचा अर्थ आहे. काही जिवाणूंचा परिणाम याहून थेट असतो. चीनमधील युनान प्रांतातील डासांत आढळलेल्या रोझेनबर्गिएला प्रजातीतील एका जिवाणूविषयीचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा जिवाणू ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्लात रूपांतर करणारे विकर स्रवतो. परिणामी मध्यांत्र आम्लधर्मी होते आणि डेंग्यू व झिका विषाणू निष्प्रभ होतात.

साहाय्यक जिवाणू

सर्वच जिवाणू विषाणूला रोखतात असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू एक विशिष्ट प्रथिन स्रवून मध्यांत्राच्या आतील श्लेष्मल थराचे विघटन करतो व विषाणूची वाट सुकर करतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. त्यापूर्वी २०१२ मध्ये पुण्यातील संशोधकांनी सेराशिया ओडोरिफेरा या जिवाणूमुळे एडिस इजिप्तीची डेंग्यू-२ विषाणूबाबतची ग्रहणक्षमता वाढते, असे दाखवून दिले होते. म्हणजेच कोणता जिवाणू, कोणता डास आणि कोणता विषाणू, या तिन्हींचा एकत्रित विचार केल्याविना निष्कर्ष काढता येत नाही.

वोल्बाकिया : प्रयोगशाळेकडून वस्तीकडे

वोल्बाकिया हा मध्यांत्राच्या पोकळीत नव्हे, तर पेशींच्या आत राहणारा जिवाणू आहे. १९२४ मध्ये हर्टिग व वोल्बाख यांनी तो क्युलेक्स डासांत प्रथम पाहिला. एडिस इजिप्तीत तो सर्वसाधारणतः नसतो; म्हणून तो बाहेरून अंड्यात सोडावा लागतो. पुढे मातेकडून तो संततीत उतरतो. वोल्बाकियायुक्त नराचा वोल्बाकियाविरहित मादीशी संयोग झाल्यास अंडी उबत नाहीत. वोल्बाकियायुक्त मादीला ही अडचण नसल्याने काही पिढ्यांत तिचीच संतती वस्तीत वरचढ होते. अशा डासांत डेंग्यू विषाणूची वाढ खुंटते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील केर्न्स परिसरात असे डास सोडण्यात आले. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराचे २४ विभाग करून त्यांपैकी १२ विभागांत हा प्रयोग झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी, तर रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात पुदुच्चेरी येथील वाहकजन्य रोग नियंत्रण संशोधन केंद्राने २०२२ मध्ये स्थानिक एडिस इजिप्तीपासून वोल्बाकियायुक्त दोन वाण विकसित केल्याचे जाहीर केले.

निष्कर्ष

हे तंत्र स्वीकारताना स्थानिक हवामान दुर्लक्षून चालणार नाही. वोल्बाकियाचा डब्ल्यूमेल हा प्रकार तीव्र उष्णतेत डासांच्या शरीरात घटतो; डब्ल्यूएल्बबी हा प्रकार तुलनेने टिकाव धरतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा पाहता ही बाब निर्णायक ठरू शकते. शिवाय, वस्तीत डास सोडण्याची कल्पना लोकांना प्रथमदर्शनी विपरीत वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून लोकांची पूर्वसंमती हा या उपायाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. साठवलेल्या पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करण्याला हा पर्याय नव्हे. तो त्याला पूरक आहे. कीटकनाशकांना डास दाद देईनासे होत असताना, डासाच्याच शरीरातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास सार्वजनिक आरोग्यासाठी मोलाचा ठरतो.